‘चांदोबा’तील विक्रम आणि वेताळ मोठेपणी पुन्हा कसा वाचावा

‘चांदोबा’ या मुलांच्या मासिकाचा नवा अंक हाती आला की अनेक मुले थेट वेताळकथेचे पान उघडत असत. त्या कथेतही त्यांचे लक्ष दोनच जागी खिळलेले असे: सुरुवातीला, जिथे राजा झाडावरचे प्रेत खांद्यावर टाकून मुकाट्याने स्मशानाची वाट धरतो, आणि शेवटी, जिथे राजाने तोंड उघडताच वेताळ प्रेतासह निसटतो आणि पुन्हा झाडाला जाऊन लोंबकळू लागतो. मधली गोष्ट, तिच्यातला पेच आणि राजाने दिलेले उत्तर हा त्या दोन थरारांना जोडणारा रस्ता होता. मोठेपणी हीच कथामाला पुन्हा वाचायला घेताना लक्ष देण्याच्या जागा बदलाव्या लागतात. भीती बरीचशी ओसरलेली असते, प्रश्न मात्र जागच्या जागी असतात, आणि लहानपणी राजाने परस्पर सोडवून टाकलेले ते प्रश्न आता वाचणाऱ्याच्या खांद्यावर येऊन बसतात. पुढे जी पद्धत सांगितली आहे, तिचा सारा रोख वाचकाला राजाच्या जागी उभे करण्याकडे आहे.

अंक उघडण्यापूर्वी एक काम करून घ्यावे, कारण अंक उघडल्यानंतर ते कधीच करता येत नाही. एक वही घ्यावी आणि या कथांतले जे जे आठवते ते तारीख घालून लिहून काढावे. कोणती गोष्ट आठवते, कोणते चित्र आठवते, वाचताना आपण कुठे बसलेलो होतो, कशाची भीती वाटली होती, राजा आवडत होता की वेताळ, हे सारे त्यात यावे. आठवण अपुरी किंवा चुकीची असली तरी ती तशीच लिहावी. पुढे मूळ गोष्ट समोर आल्यावर त्या चुकाच सर्वांत बोलक्या ठरतात. मला स्वतःला एका कथेत वेताळ रडला होता असे पक्के आठवत होते. ती कथा सापडली तेव्हा त्यात रडणारे दुसरेच कोणी होते, आणि वेताळाने केवळ ती हकिगत सांगितली होती. मुलाच्या मनाने सांगणाऱ्यालाच दुःखी करून टाकले होते, हे त्या वहीमुळे मला कळले.

या टिपणात आणखी एक भेद करावा लागतो. १९८५ मध्ये दूरदर्शनवर रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ ही मालिका आली आणि त्या पिढीतल्या अनेकांच्या कानात वेताळाचा आवाज हिंदीतून बसला. अरुण गोविल यांचा विक्रम आणि सज्जन यांचा बेताल डोळ्यांपुढे असताना आपल्याला मासिकातला वेताळ आठवतो आहे की पडद्यावरचा, हे सांगणे अवघड होते. ती मालिका अकराव्या शतकातल्या सोमदेव या कवीच्या संस्कृत वेताळकथांवर आधारलेली होती, तर मासिकातल्या बहुतांश कथा नव्याने रचलेल्या होत्या. म्हणून टिपण करताना प्रत्येक आठवणीपुढे ती वाचलेली आहे, पाहिलेली आहे की आजीकडून ऐकलेली आहे, एवढे नोंदवून ठेवावे.

आता अंक मिळवण्याविषयी. ‘चंदामामा’ हे मासिक बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी यांनी जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळ भाषांत सुरू केले. हे दोघे ‘पाताळ भैरवी’ आणि ‘मायाबाजार’ यांसारखे चित्रपट काढणाऱ्या विजया प्रॉडक्शन्सचे निर्माते होते, आणि मासिकातली रंगीत राजवाड्यांची, मांत्रिकांची व राक्षसांची दुनिया त्या चित्रपटांच्या शेजारीच वाढली. पुढे इतर भाषांतल्या आवृत्त्या निघाल्या, त्यांत मराठीतला ‘चांदोबा’ होता. कथांचा मोठा भाग तेलुगूत लिहिला जाई आणि तिथून बाकीच्या भाषांत जाई. कोडवटिगंटि कुटुंबराव यांनी १९८० मध्ये मृत्यू येईपर्यंत अनेक वर्षे तेलुगू आवृत्तीचे संपादन सांभाळले, आणि या कथांच्या सरळ, अलंकार न करणाऱ्या निवेदनावर त्यांचा ठसा आहे असे मानले जाते. हे ठाऊक असले की लहानपणी ज्याला आपण खास ‘चांदोबाची मराठी’ समजत होतो, ती भाषांतराची मराठी होती हे लक्षात येते. तिच्यातली थोडी पुस्तकी, थोडी परकी वळणे दोष म्हणून वाचू नयेत. त्या वळणांमुळेच ती दुनिया आपल्या गल्लीपासून दूर वाटत होती.

मासिकाचे प्रकाशन थांबल्यालाही आता बरीच वर्षे झाली, त्यामुळे अंक जुन्यातूनच शोधावे लागतात. सर्वांत आधी घरचा माळा पाहावा, मग नातेवाइकांचे माळे पाहावेत. गावातल्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात वर्षभराचे अंक एकत्र बांधून ठेवलेले असण्याची शक्यता असते, आणि ग्रंथपालांना नीट विचारल्यास बालविभागात न दिसणारे खंडही कपाटातून निघतात. पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाच्या परिसरातले जुन्या पुस्तकांचे विक्रेते, मुंबईत फोर्टमधल्या पदपथावरचे विक्रेते आणि आपल्या गावचा रद्दीवाला यांना सांगून ठेवावे. आंतरजालावर छायांकित अंकही मिळतात आणि परदेशी राहणाऱ्या वाचकाला बहुधा तेच हाती लागतील. तसे वाचताना निदान वेताळकथेची पाने मोठी करून पाहावीत, कारण चित्राशिवाय ही कथा अर्धीच राहते. कागदाचा अंक मिळाला तर गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात, फाटलेल्या पानावर चिकटपट्टी लावू नये, आणि अंक सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावा.

अंक मिळाल्यावर गोष्ट वाचण्याआधी दोन मिनिटे केवळ शीर्षचित्र पाहावे. एका हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत आणि स्मशानातून पुढे पडणारे राजाचे पाऊल, हे चित्र शंकर या नावाने प्रसिद्ध असलेल्या के. सी. शिवशंकरन यांचे. १९२४ मध्ये जन्मलेले शंकर १९५२ मध्ये या मासिकात आले, आणि पुढे कित्येक दशके राजाचे हेच रूप लाखो मुलांनी पाहिले. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले. लहानपणी या चित्रात प्रेताकडेच डोळा जात असे. आता राजाच्या चालण्याकडे पाहावे. राजाला या वाटेने किती वेळा जावे लागले आहे हे वाचकाला ठाऊक असते, आणि तरीही त्याच्या अंगात कंटाळा दिसत नाही. चाळिशी ओलांडलेल्या वाचकाला या चित्रात जे दिसते, ते दहाव्या वर्षी दिसण्याची सोयच नव्हती.

वाचनाचा वेग हा या पुनर्वाचनातला सर्वांत नाजूक भाग आहे. या कथा महिन्याला एक अशा बेताने लिहिलेल्या आहेत. त्यांची सुरुवात आणि शेवट दर वेळी जवळजवळ त्याच शब्दांत येतो: राजा हट्ट सोडत नाही, झाडाकडे परततो, वेताळ त्याच्या श्रमांबद्दल कळवळा दाखवून गोष्ट सुरू करतो, उत्तर ठाऊक असून न दिल्यास डोक्याची शकले होतील अशी धमकी देतो, राजा बोलतो आणि पहिले पाढे पंचावन्न होतात. एका बैठकीत अशा दहा कथा वाचल्या तर ही पुनरावृत्ती असह्य होते, आणि दोष कथांचा आहे असे वाटून वाचक वही मिटतो. महिनाभर थांबण्याचा संयम आता कुणाकडे नसेल हे मान्य करूनही, एका रात्री एकच कथा हे पथ्य पाळावे. तेच ते वाक्य रोज एकदा भेटले की त्याचे ओझे वाटत नाही. भजनातल्या ध्रुपदासारखे ते आपल्याला पुन्हा जागेवर आणून सोडते.

यानंतरचे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. वेताळाचा प्रश्न संपला की तिथेच थांबावे, पुढच्या ओळी हाताने झाकाव्यात आणि आपले उत्तर कारणासह वहीत लिहावे. दोन-तीन वाक्ये पुरतात, पण कारण लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण वेताळाला नुसते नाव कधीच पुरत नसे. हे किती कठीण आहे ते मूळ संस्कृत वेताळपंचविशीतल्या दुसऱ्या कथेवरून समजेल. मंदारवती नावाची मुलगी अकाली मरण पावते. तिला मागणी घालणाऱ्या तिघांपैकी एक तिच्या चितेच्या राखेवर झोपून राहतो, दुसरा तिच्या अस्थी घेऊन गंगेला जातो, आणि तिसरा भटकत असताना मेलेल्याला उठवणारा मंत्र मिळवून येतो. राख, अस्थी आणि मंत्र एकत्र येतात, मुलगी जिवंत होते आणि तिघे भांडू लागतात. तिचा पती कोण? झटकन मंत्रवाल्याकडे बोट दाखवावेसे वाटते. राजा म्हणतो, ज्याने जीव दिला तो पित्यासारखा, ज्याने अस्थी तीर्थाला नेल्या तो पुत्रासारखा, आणि जो तिच्या राखेला बिलगून राहिला तोच पती. हे उत्तर आधी वाचले तर ते चतुर वाटून विसरले जाते. स्वतःचे उत्तर लिहून मग वाचले, तर उपयोगी पडणे आणि सोबत राहणे या दोहोंत आपण कशाला जास्त किंमत देतो, हे त्या दोन ओळींत उघडे पडते.

उत्तर वाचून झाल्यावर आणखी एक प्रश्न स्वतःला विचारावा: वेताळाने कोणाविषयी विचारलेच नाही? मोठेपणीच्या वाचनाचे खरे धन मला या प्रश्नात सापडले. चौथ्या कथेतला वीरवर हा शूद्रक राजाचा सेवक. राजाचे मरण टळावे म्हणून देवीला आपल्या मुलाचा बळी द्यावा लागेल हे कळताच तो घरी जातो, मुलगा सत्त्ववर आनंदाने तयार होतो, आणि बळी दिला जातो. भावाच्या शोकाने मुलगी प्राण सोडते, पत्नी चितेत उडी घेते, आणि शेवटी वीरवर स्वतःवर तलवार उगारतो. आडून हे सारे पाहणारा शूद्रकही स्वतःचा जीव द्यायला निघतो, तेव्हा देवी प्रसन्न होऊन सर्वांना उठवते. यांत श्रेष्ठ कोण, या प्रश्नावर विक्रमाचे उत्तर शूद्रक असे आहे. सेवकाने धन्यासाठी प्राण देणे हा त्याचा धर्मच, पण सेवकासाठी प्राण द्यायला निघालेला राजा विरळा, असे त्यामागचे कारण. लहानपणी ही कथा मला शौर्याची वाटली होती. वडील झाल्यानंतर ती वाचली तेव्हा मी त्या मुलाच्या होकारापाशी थांबलो आणि बराच वेळ पुढे जाऊ शकलो नाही. इथे वेताळाने केलेला प्रश्न आपल्याला पुरेनासा होतो, आणि वहीत दुसरा प्रश्न लिहावा लागतो.

दहाव्या कथेतली मदनसेनाही अशीच. लग्नानंतर प्रथम तुझ्याकडे येईन असे वचन तिने धर्मदत्ताला दिलेले असते. ते पाळण्यासाठी पती तिला जाऊ देतो, वाटेत गाठणारा चोर तिला सोडतो, आणि धर्मदत्तही तिला स्पर्श न करता परत पाठवतो. राजा चोराला सर्वांत उदार ठरवतो. दबावाखाली दिलेला शब्द पाळण्यासाठी रात्री एकटी चाललेली स्त्री मात्र त्या स्पर्धेत धरलेलीच नाही. अशा जागी रागावून पुस्तक बाजूला ठेवू नये आणि काळच तसा होता म्हणून ती जागा ओलांडूही नये. कोणाला मोजले नाही हे एका ओळीत लिहावे आणि त्या पात्राच्या बाजूने तीच गोष्ट मनात पुन्हा सांगून पाहावी. थोरामोठ्यांनीही हेच केले आहे. मस्तकांची अदलाबदल झालेल्या दोन पुरुषांच्या कथेत राजा एका वाक्यात निकाल देतो की मस्तक श्रेष्ठ, म्हणून ज्याच्या धडावर पतीचे मस्तक तोच पती. गिरीश कर्नाड यांनी ‘हयवदन’ लिहिताना त्या निकालानंतर त्या स्त्रीचे काय झाले इथूनच नाटकाचा गाभा उभा केला. विजया मेहता यांनी ते मराठी रंगभूमीवर आणले, तेव्हा पंचविशीतला हा प्रश्न मराठी प्रेक्षकांपुढे पुन्हा खुला झाला.

मासिकातल्या नव्या कथांना मात्र वेगळ्या तऱ्हेने वाचावे. पंचविशीतल्या गोष्टी पंचवीसच, आणि मासिक दशकानुदशके चालले, त्यामुळे चौकट तशीच ठेवून शेकडो गोष्टी नव्याने लिहिल्या गेल्या. त्यांतले प्रश्न बहुधा श्रेष्ठ कोण असे नसतात. हाती आलेले राज्य त्याने का नाकारले, खरे ठाऊक असून ती का गप्प राहिली, शत्रूला त्याने का सोडले, अशा धर्तीचे असतात. वेताळ वागण्याचा सर्वांत हलका अर्थ लावतो, त्याला मूर्खपणा किंवा कृतघ्नपणा म्हणतो, आणि राजा त्याच वागण्यामागचा शहाणपणा उलगडून दाखवतो. हे वाचताना मी कोणाच्या बाजूने झुकलो ते नोंदवत गेलो. आयुष्यात माणसांचे पुरेसे अनुभव घेतल्यानंतर वेताळाचा संशयच अधिक पटू लागतो, आणि राजाचा चांगुलपणावरचा विश्वास भाबडा वाटतो. तसे वाटले तर ते प्रामाणिकपणे लिहावे. सहा महिन्यांनी तीच कथा पुन्हा काढून आपले मत तेच राहिले आहे का ते पाहावे.

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या वाचकाने आणखी एका गोष्टीचा विचार करावा. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा हा गावाचा राखणदार आहे. तो रात्री गावभर फिरतो आणि त्याची पायताणे झिजतात, या श्रद्धेने भक्त त्याला चामड्याच्या मोठाल्या चपला वाहतात. गोव्यात लोलये, पैंगीण, आमोणे इथे बेताळ देवच आहे. ज्या मुलाने सुट्टीत अशा देवळात हात जोडले आणि त्याच आठवड्यात मासिकात प्रेतात शिरलेला वेताळ वाचला, त्याच्या मनात या दोन रूपांचे काय झाले असेल? त्याची आठवण इतरांपेक्षा निराळी असणार, आणि ती वहीत स्वतंत्रपणे यायला हवी. कथेतला वेताळही नीट वाचल्यास राजाचा वैरी ठरत नाही, ही गोष्ट त्या वाचकाला कदाचित इतरांच्या आधी उमगेल.

पंधरा-वीस कथा झाल्या की मग सोमदेवाकडे वळावे. अकराव्या शतकात काश्मीरच्या अनंत राजाची राणी सूर्यमती हिच्यासाठी सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला, आणि त्याच्या बाराव्या लंबकात, म्हणजे भागात, वेताळाच्या कथा आहेत. संस्कृत येत असेल तर उत्तमच. नसेल तर मराठी अनुवाद वाचावा, किंवा सी. एच. टॉनी यांच्या इंग्रजी अनुवादाची एन. एम. पेन्झर यांनी टिपांसह १९२४ ते १९२८ या काळात काढलेली दहा खंडांची आवृत्ती पाहावी. मराठीत या कथा आणण्याचा उद्योगही जुना आहे: एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी ‘वेताळपंचविशी’ मराठीत केली होती. सोमदेवाच्या पहिल्याच ओळींत मराठी वाचकाला एक सुखद धक्का बसतो. तिथला राजा उज्जयिनीचा विक्रमादित्य नाही. तो गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा, म्हणजे आपल्या पैठणचा, त्रिविक्रमसेन आहे. प्रेत लटकते ते झाड शिंशपाचे आहे. क्षांतिशील नावाचा भिक्षू राजाला दहा वर्षे रोज एक फळ आणून देतो, राजा ते न पाहता कोठाराकडे पाठवतो, आणि एके दिवशी माकडाने फळ फोडल्यावर आतून रत्न पडते तेव्हा राजाला कळते की कोठारात कुजलेल्या फळांखाली रत्नांचा ढीग साचलेला आहे. पुनर्वाचन करणाऱ्याने हा प्रसंग सावकाश वाचावा.

घरात आठ-दहा वर्षांचे मूल असेल तर काही कथा त्याला मोठ्याने वाचून दाखवाव्यात आणि प्रश्नापाशी थांबून त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत वहीत लिहावे. त्याला आपले किंवा राजाचे उत्तर लगेच सांगू नये. वीरवरासारख्या कथा मुलांसाठी सध्या बाजूला ठेवाव्यात.

शेवटची कथा मात्र एकट्याने वाचावी. मासिकाच्या रचनेतच शेवटाला जागा नव्हती; दर महिन्याला राजा रिकाम्या खांद्याने झाडाकडे वळायचा आणि अंक संपायचा, त्यामुळे तो कधी पोहोचला का, हे आपल्यापैकी अनेकांना कळलेच नाही. सोमदेवाकडे तो पोहोचतो. चोविसाव्या कथेत एक पिता आणि पुत्र वाळूत उमटलेली दोन स्त्रियांची पावले पाहून ठरवतात की मोठ्या पावलांची स्त्री पित्याने करावी आणि लहान पावलांची पुत्राने. प्रत्यक्षात मोठी पावले मुलीची निघतात आणि लहान आईची. शब्द दिलेला असल्याने पिता मुलीशी विवाह करतो आणि पुत्र तिच्या आईशी. या दोन जोडप्यांना झालेल्या मुलांचे परस्परांशी नाते काय, असे वेताळ विचारतो. राजाला उत्तर सापडत नाही. तो न बोलता चालत राहतो आणि त्यामुळेच वेताळ निसटत नाही. उलट प्रसन्न होऊन तो, राजाला प्रेत आणायला पाठवणाऱ्या क्षांतिशील भिक्षूचा कपटी बेत उघड करतो आणि राजाचा जीव वाचवतो. ही कथा वाचून झाल्यावर वहीच्या कोऱ्या पानावर चौघांची नावे मांडून त्याखाली मुलांच्या जागा आखाव्यात, रेषा ओढून काका, आत्या, मामा, नातू ही नाती एकेक करून लावून पाहावीत, आणि रेषा एकमेकींत पुरत्या गुंतल्या की त्या पानावर उत्तर न लिहिता वही मिटावी.